डर्बनचे अंक, खान्देशचे वाचक

डिसेंबर १९०४. डर्बनपासून चौदा मैलांवर फिनिक्सच्या माळावर पन्हाळी पत्र्यांची एक मोठी शेड नुकतीच उभी राहिली होती. पत्रे आणि बांधकामाचं सामान पारशी रुस्तमजी यांनी दिलं होतं. शेडमध्ये छापखाना होता आणि त्या रात्री साप्ताहिकाचा तिथला पहिला अंक निघायचा होता. पानं जुळली, फर्मे चढले आणि ऐन वेळी तेलाचं इंजिन बंद पडलं. यंत्राला हाताने फिरवायचं एक चाक होतं, पण ते चारचौघांशिवाय हलत नव्हतं. शेडचं काम करून दमलेले सुतार तिथेच झोपले होते. त्यांना उठवलं. अल्बर्ट वेस्ट भजन म्हणू लागले आणि माणसं पाळीपाळीने चाक फिरवत राहिली. सकाळी सातच्या सुमारास इंजिन पुन्हा सुरू झालं आणि अंक वेळेवर रवाना झाला. ही हकिकत स्वतः गांधीजींनी आत्मकथेत सांगितली आहे.

ते साप्ताहिक म्हणजे ‘इंडियन ओपिनियन’. १९०३ ते १९६१ अशी अठ्ठावन्न वर्षं ते निघत राहिलं. हिंदी मजुरांवरच्या तीन पौंडांच्या करापासून वर्णभेदाच्या कायद्यांपर्यंत दक्षिण आफ्रिकेतला एक मोठा लढा त्याच्या पानापानांत आहे. त्या लढ्याची पुढची पिढी, म्हणजे नेल्सन मंडेला आणि त्यांचे सहकारी, कागदाबरोबरच ध्वनिमुद्रणांतही सापडतात. हे सगळं आज कुठे आहे, कोणत्या अवस्थेत आहे, त्यातलं काय खुलं आहे आणि काय अजून बंद आहे, हा प्रश्न इतिहासाच्या प्राध्यापकांपुरता नाही. खान्देशातल्या वरणगावच्या एखाद्या विद्यार्थ्याचाही तो आहे. भुसावळमार्गे जळगावला गेलं की शिरसोली रस्त्यावरच्या जैन हिल्सवर ‘गांधीतीर्थ’ आहे. उलट्या दिशेला, नागपूरकडे जाणारी गाडी धरली तर त्याच रुळांवर अकोला लागतं. या दोन्ही गावांचा डर्बनच्या त्या छापखान्याशी संबंध आहे.

चार भाषांचं साप्ताहिक

४ जून १९०३ रोजी डर्बनमध्ये पहिला अंक निघाला. मदनजित व्यावहारिक यांचा इंटरनॅशनल प्रिंटिंग प्रेस हे त्याचं घर आणि मनसुखलाल नाझर हे पहिले संपादक. इंग्रजी, गुजराती, हिंदी आणि तमिळ अशा चार भाषांत मजकूर असे. त्यातले हिंदी आणि तमिळ विभाग १९०६ मध्ये थांबले. खर्च गांधीजींच्या वकिलीतून भागत होता. एके काळी दर महिन्याला पंचाहत्तर पौंड पाठवावे लागत, असं त्यांनीच लिहून ठेवलं आहे. फिनिक्सची वस्ती उभी राहिली ती याच कारणाने. छापखाना शेतावर न्यायचा, सगळ्यांनी सारखंच वेतन घ्यायचं, फावल्या वेळात जमीन कसायची आणि अंक काढायचा. पुढे जाहिराती घेणंही बंद झालं. लढा ऐन भरात असताना वर्गणीदारांची संख्या साडेतीन हजारांपर्यंत पोहोचली होती.

या अंकांत काय नाही? कायद्यांचे मसुदे आहेत, सभांचे वृत्तांत आहेत, तुरुंगातल्या अन्नाच्या तक्रारी आहेत, जगभरच्या वर्तमानपत्रांतले उतारे आहेत. डिसेंबर १९०९ च्या दोन गुजराती अंकांत ‘हिंद स्वराज’ छापलं गेलं आणि काही महिन्यांतच मुंबई सरकारने त्यावर बंदी घातली. कोण पकडलं गेलं, कुणाला किती शिक्षा झाली, याची माहिती आठवड्यामागून आठवडे येत राहिली. ज्यांची नावं एरवी कुठल्याही ग्रंथात आली नसती, त्या फेरीवाल्यांची, छोट्या दुकानदारांची, खाणमजुरांची नोंद इथे आहे. १९१३ च्या सत्याग्रहात कस्तुरबांसह फिनिक्सच्या बायका तुरुंगात गेल्या. तुरुंगातून आजार घेऊन बाहेर पडलेली सोळा वर्षांची वल्लिअम्मा फेब्रुवारी १९१४ मध्ये वारली. लढा संपल्यावर १९१४ मध्ये निघालेला ‘सुवर्ण अंक’ हा त्या आठ वर्षांचा ताळेबंदच आहे.

मराठी वाचकाने मुद्दाम उघडावीत अशी पानं १९१२ सालची. त्या वर्षी २२ ऑक्टोबरला गोपाळ कृष्ण गोखले केप टाउनला उतरले आणि नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत देशभर फिरले. जोहान्सबर्गला कोकणी मुसलमानांची आणि थोड्या महाराष्ट्रीयांची वस्ती होती. त्यांची फार इच्छा आहे, तेव्हा आपण मराठीतून बोलावं, असा गांधीजींनी आग्रह धरला. गोखल्यांनी थट्टेने विचारलं, तुमचं हिंदुस्थानी मला कळून चुकलं आहे, आता मराठीचा अनुवाद तुम्ही कसा करणार? गांधीजी मागे हटले नाहीत. गोखले मराठीतून बोलले, गांधीजींनी वाक्यामागून वाक्य हिंदुस्थानीत आणलं आणि ते गोखल्यांना इतकं पसंत पडलं की पुढे झांझिबारपर्यंत आपल्या लोकांपुढे ते मराठीतूनच बोलत गेले. आफ्रिकेच्या भूमीवर मराठी राजकीय वक्तृत्वाचा एवढा सलग प्रवास झाला आणि मराठीत त्याची आठवण फारशी निघत नाही, याची खंत वाटावी अशीच ही गोष्ट आहे.

अकोल्याची सुशीला

गांधीजी १९१४ मध्ये आफ्रिका सोडून निघाले आणि बहुतेक चरित्रांतून ‘इंडियन ओपिनियन’ तिथेच नाहीसं होतं. अंक मात्र निघतच राहिले. दुसरे चिरंजीव मणिलाल परत गेले आणि १९२० पासून १९५६ मध्ये मृत्यू येईपर्यंत त्यांनी हे साप्ताहिक चालवलं. मार्च १९२७ मध्ये अकोल्यात त्यांचं लग्न झालं, सुशीला मश्रुवाला यांच्याशी. अकोल्याच्या कापसाच्या बाजारपेठेतून निघालेली ही तरुण मुलगी फिनिक्सच्या माळावर आली, गुजराती खिळे जुळवायला शिकली, मजकूर बघू लागली. नवरा तुरुंगात असला की सगळा भार तिच्यावर पडे. १९५२ च्या कायदेभंगात मणिलाल पुन्हा तुरुंगात गेले. १९५६ मध्ये ते वारल्यावर सुशीलाबेननी १९६१ पर्यंत साप्ताहिक जिवंत ठेवलं. त्या शेवटच्या वर्षांत जॉर्डन न्गुबाने हे आफ्रिकी पत्रकार त्याचं संपादन करत होते. ज्या पत्राने हिंदी लोकांच्या गाऱ्हाण्यांपासून सुरुवात केली, ते अखेरीस एका झुलू संपादकाच्या हातून निघत होतं. अंक सलग ठेवून वाचले तरच हा बदल दिसतो.

याच मश्रुवाला घराण्यात आणखी एक संपादक होते. किशोरलाल मश्रुवाला हे सुशीलाबेनचे काका. गांधीजींच्या हत्येनंतर १९४८ पासून १९५२ मध्ये मृत्यू येईपर्यंत ‘हरिजन’चं संपादन त्यांनी केलं. आफ्रिकेतलं पत्र आणि भारतातलं पत्र अशी दोन्ही टोकं अकोल्याच्या एकाच घराने सांभाळली. वऱ्हाड-खान्देशच्या वृत्तपत्रांच्या इतिहासात या घराला स्वतंत्र प्रकरण मिळायला हवं.

मणिलाल-सुशीला यांची धाकटी मुलगी इला गांधी वर्णभेदाच्या विरोधात उतरल्या, अनेक वर्षं बंदीहुकमाखाली आणि नजरकैदेत राहिल्या आणि १९९४ ते २००४ या काळात लोकशाही दक्षिण आफ्रिकेच्या संसदेत होत्या. मुलगा अरुण गांधी मुंबईत ‘टाइम्स ऑफ इंडिया’मध्ये पत्रकार होते. मे २०२३ मध्ये कोल्हापुरात त्यांचं निधन झालं. सीता या थोरल्या मुलीच्या कन्या उमा धुपेलिया-मेस्त्री या इतिहासकार. त्यांनी लिहिलेलं मणिलालांचं चरित्र २००४ मध्ये आलं आणि पहिल्यांदाच हा मधला, विस्मरणात गेलेला कालखंड नीट उजेडात आला.

जळालं काय, वाचलं काय

ऑगस्ट १९८५ मध्ये डर्बनजवळच्या इनांडा भागात दंगल उसळली. वर्णभेदी राजवटीने माणसांना वंशावारी वस्त्यांत कोंडलं होतं, गरिबी आणि भीती साचत गेली होती, तिचा भडका उडाला. फिनिक्सची वस्ती जाळली आणि लुटली गेली, ग्रंथालय आणि संग्रहालय उद्ध्वस्त झालं. निराधार कुटुंबांनी त्या जागेवर झोपड्या बांधल्या. वस्तीचा जीर्णोद्धार होऊन थाबो म्बेकी यांच्या हस्ते ती पुन्हा खुली झाली ती फेब्रुवारी २००० मध्ये.

तरीही ‘इंडियन ओपिनियन’ बुडालं नाही. त्याचे संच इतरत्र होते. गांधीजींना कात्रणं आणि पत्रव्यवहार जपून ठेवायची सवय होती. आफ्रिकेतल्या त्यांच्या कागदांचा मोठा भाग साबरमतीच्या संग्रहात आहे. गांधीजींच्या ‘संकलित वाङ्मया’च्या शंभर खंडांपैकी पहिले बारा खंड १९१४ पर्यंतच्या काळाचे. त्यांचा मोठा आधार हे कागद आणि हे अंकच आहेत. सप्टेंबर २०१३ मध्ये साबरमती आश्रमाचं ‘गांधी हेरिटेज पोर्टल’ सुरू झालं आणि ‘इंडियन ओपिनियन’, ‘यंग इंडिया’, ‘नवजीवन’, ‘हरिजन’ यांची मूळ पानं जशीच्या तशी, फुकट, कुणालाही पाहता येऊ लागली. मोबाइलवरसुद्धा १९०३ चा अंक उघडतो, त्यातल्या दुकानांच्या जाहिरातींसकट.

दक्षिण आफ्रिकेतही हे काम नेटाने झालं आहे. डर्बनमध्ये क्वाझुलू-नाताळ विद्यापीठाच्या वेस्टव्हिल आवारात गांधी-लुथुली दस्तऐवज केंद्र आहे. तिथे नियतकालिकांबरोबर लढ्यातल्या कार्यकर्त्यांच्या मुलाखतींचा संग्रह आहे. डर्बनमधूनच ‘दिसा’ या प्रकल्पाने वर्णभेदविरोधी चळवळीची नियतकालिकं संगणकावर आणली. केप टाउनजवळ वेस्टर्न केप विद्यापीठात मायिबुये संग्रह आहे. वर्णभेदाच्या काळात लंडनमधून कैद्यांना आणि त्यांच्या कुटुंबांना मदत करणाऱ्या संस्थेची छायाचित्रं, चित्रफिती आणि कागद १९९० नंतर मायदेशी परत आले, ते इथे. आफ्रिकन नॅशनल काँग्रेसचं ‘सेचाबा’ हे मुखपत्र १९६७ पासून परदेशातूनच निघायचं आणि छापलं जायचं पूर्व जर्मनीत. स्वदेशात ते बाळगणं हा गुन्हा होता. म्हणजे त्याचे संच टिकले ते बाहेरच्या देशांत. फिनिक्स असो की सेचाबा, अनुभव एकच : लढ्याचा कागद जिथे छापला गेला तिथे तो टिकेलच याचा भरवसा नसतो, प्रती जितक्या लांब पांगतील तितकं बरं.

आवाजाची दप्तरं

आवाज जपणं कागदापेक्षा अवघड. गांधीजींचा जो आवाज आपण ऐकतो, तो त्यांच्या साठीनंतरचा. १९३१ मध्ये लंडनच्या किंग्जली हॉलमध्ये कोलंबिया कंपनीने ईश्वरविषयक निवेदनाची तबकडी काढली. आकाशवाणीच्या दिल्ली केंद्रात ते एकदाच गेले, १२ नोव्हेंबर १९४७ रोजी, कुरुक्षेत्रच्या निर्वासितांशी बोलायला. शेवटच्या महिन्यांतली दिल्लीची प्रार्थनाप्रवचनं मात्र आकाशवाणीने ध्वनिमुद्रित करून ठेवली आणि ती मोठीच ठेव आहे.

यंत्र नसताना आवाज कसा जपला जायचा, याचं उत्तर धुळ्याच्या तुरुंगात आहे. १९३२ मध्ये तिथे विनोबा दर रविवारी गीतेवर बोलत आणि साने गुरुजी ते लिहून घेत. ‘गीता प्रवचने’ हे पुस्तक त्या वह्यांतून आलं. बोलणाऱ्याच्या वाक्याची लय पकडणारा कान समोर बसला होता, म्हणून ते बोलणं राहिलं.

दक्षिण आफ्रिकेतलं सगळ्यात मोलाचं ध्वनिमुद्रण मात्र वर्णभेदी सरकारच्या न्यायालयानेच केलं. १९६३-६४ च्या रिव्होनिया खटल्याचं कामकाज ‘डिक्टाबेल्ट’वर टिपलं जात होतं. डिक्टाबेल्ट म्हणजे प्लॅस्टिकचा लवचिक पट्टा, त्यावर सुई आवाजाची चर दाबून उमटवत जाते. २० एप्रिल १९६४ रोजी मंडेलांनी आरोपीच्या पिंजऱ्यातून केलेलं तीन तासांच्या आसपासचं निवेदन या पट्ट्यांवर आहे. गुजरातेतून गेलेल्या कुटुंबातले अहमद कथ्राडाही त्या खटल्यात आरोपी होते. पट्टे चपटे करून ठेवल्याने त्यांना घड्या पडल्या, घडीवर सुई उडते आणि वाजवायची जुनी यंत्रं तर दुर्मीळच. अखेर फ्रान्सच्या राष्ट्रीय दृक्-श्राव्य संस्थेने खास यंत्र वापरून अडीचशे तासांच्या आसपासचं ते ध्वनिमुद्रण सोडवून घेतलं. खटल्याचे कागद आणि पट्टे २००७ मध्ये युनेस्कोच्या ‘जागतिक स्मृती’ यादीत आले. ज्यांना जन्मठेप सुनावली गेली, त्यांचे आवाज सुनावणाऱ्यांच्याच कपाटातून जगासमोर आले.

चळवळीचा स्वतःचा आवाजही होता. २६ जून १९६३ रोजी जोहान्सबर्गमधल्या गुप्त प्रक्षेपकावरून वॉल्टर सिसुलूंचं भाषण लागलं, तो ‘रेडिओ फ्रीडम’चा आरंभ. पुढे दार-एस-सलाम, लुसाका, लुआंडा अशा इतर आफ्रिकी राजधान्यांतून ते केंद्र बोलत राहिलं. ते ऐकताना पकडलं गेलं तर तुरुंग ठरलेला. मुंबईतल्या १९४२ च्या काँग्रेस रेडिओची आणि उषा मेहतांची गोष्ट ज्यांना ठाऊक आहे, त्यांना यातला धोका समजावून सांगावा लागत नाही.

दुखरी पानं

जुनी दप्तरं उघडली की गौरवाबरोबर दुसरंही बाहेर येतं. ‘इंडियन ओपिनियन’च्या सुरुवातीच्या वर्षांत आफ्रिकी लोकांविषयी हिणवणारे शब्द आहेत, हिंदी लोकांना त्यांच्या पंक्तीला बसवू नका, अशा तक्रारी आहेत. अश्विन देसाई आणि गुलाम वाहेद या दक्षिण आफ्रिकी अभ्यासकांनी ही पानं समोर ठेवून कठोर पुस्तक लिहिलं. घानाच्या विद्यापीठात २०१६ मध्ये बसवलेला गांधीजींचा पुतळा डिसेंबर २०१८ मध्ये हटवला गेला, त्यामागेही हेच लेखन होतं. चिडून उपयोग नाही आणि झाकून तर मुळीच नाही. त्याच साप्ताहिकाची पुढची वर्षं वाचली तर भाषा बदलत गेलेली दिसते आणि १९५० च्या दशकात तर ते सामाईक लढ्याच्या बाजूने उभं आहे. दोन्ही गोष्टी अंकांतच आहेत. ज्याला गांधीजींवर टीका करायची आहे त्यालाही सगळे अंक हवेत आणि ज्याला उत्तर द्यायचं आहे त्यालाही.

फिनिक्सपासून जवळच, इनांडातच, जॉन दुबे यांची ओहलांगे शाळा होती. त्यांचं ‘इलांगा लासे नाताळ’ हे झुलू पत्रही १९०३ मध्येच सुरू झालं. दुबे पुढे १९१२ मध्ये आफ्रिकन नॅशनल काँग्रेसचे पहिले अध्यक्ष झाले. २७ एप्रिल १९९४ रोजी मंडेलांनी आयुष्यातलं पहिलं मत टाकलं ते याच शाळेत. एकाच भागातून, एकाच वर्षी सुरू झालेली ही दोन पत्रं शेजारी ठेवून वाचण्याचं काम फार थोड्यांनी केलं आहे.

दप्तरात हात घातला की काय होतं, याचं उदाहरण भारतातच आहे. ‘संकलित वाङ्मया’ची सुधारित आवृत्ती आणि तिची सीडी १९९८ नंतर निघाली. तिच्यातून अनेक नोंदी गळल्याचं, क्रम बदलल्याचं अभ्यासकांनी दाखवून दिलं. तक्रारी झाल्या, चौकशी झाली आणि २००५ मध्ये सरकारला ती आवृत्ती मागे घ्यावी लागली. जुने छापील खंड लोकांच्या हाती होते म्हणूनच चूक पकडता आली.

खान्देशने काय करावं

जळगावचं गांधीतीर्थ मार्च २०१२ मध्ये राष्ट्रपती प्रतिभा पाटील यांच्या हस्ते सुरू झालं. वाकोदचे भवरलाल जैन यांची ती कल्पना. संग्रहालय पाहायला शाळांच्या सहली येतात, ते छानच आहे. पण त्या इमारतीत ग्रंथ, कागदपत्रं, छायाचित्रं आणि ध्वनिमुद्रणं यांचा संग्रह आहे आणि तो अभ्यासण्यासाठी आहे, हे सहलीला आलेल्या मुलांना कुणी सांगायला हवं. धुळ्याला राजवाडे संशोधन मंडळ १९२७ पासून दप्तरं सांभाळत आलं आहे. म्हणजे जिल्ह्यांत परंपरा आहे, जागा आहे, माणसंही आहेत.

आणि जपण्यासारखंही आहे. वरणगावहून तापी ओलांडली की फैजपूर. डिसेंबर १९३६ मध्ये खेड्यात भरलेलं काँग्रेसचं पहिलं अधिवेशन तिथे झालं, अध्यक्ष जवाहरलाल नेहरू, मंडपाची सजावट नंदलाल बोस यांची. मनमाडहून शेतकऱ्यांचा मोर्चा पायी फैजपूरला आला होता. १९३८ मध्ये साने गुरुजींनी अमळनेरहून ‘काँग्रेस’ हे साप्ताहिक काढलं. १९४२ मध्ये नंदुरबारला शिरीषकुमार आणि त्याचे सोबती गोळीबारात पडले, १९४४ मध्ये चिमठाण्याला सरकारी खजिना लुटला गेला. या सगळ्यांचे अंक, पत्रकं, कार्यकर्त्यांच्या आठवणींच्या कॅसेटी आजही घरोघरच्या माळ्यांवर आणि लोखंडी कपाटांत पडून असतील, तर त्यांचं आयुष्य फार उरलेलं नाही. स्वस्त कागदातलं आम्ल त्याला पिवळा करतं, मग ठिसूळ. दमट हवेत कॅसेटच्या फितीवरचा थर सुटतो आणि ती वाजवता वाजवता चिकटते. लॅमिनेशन, चिकटपट्टी, फेव्हिकॉल यांनी कागद वाचत नाही, उलट लवकर जातो. कोरड्या जागी सपाट ठेवणं, उन्हापासून लांब ठेवणं, स्वच्छ छायाचित्र घेणं आणि कोणत्या अंकाची कोणती तारीख हे वहीत लिहिणं, एवढं कुठल्याही घराला जमतं. कॅसेट असेल तर ती वारंवार वाजवून पाहण्याऐवजी एकदाच नीट संगणकावर घ्यावी आणि कोण, कधी, कुठे बोलतंय याची चिठ्ठी सोबत ठेवावी. बोलणाऱ्याचं नाव नसलेली फीत पुढच्या पिढीला मुकीच.

उरतो भाषेचा प्रश्न. ‘इंडियन ओपिनियन’ची गुजराती पानं इंग्रजी पानांचा अनुवाद नाहीत. दुकानदारांशी, कारागिरांशी घरच्या भाषेत केलेली ती बोलणी आहेत. गांधीजींनी लिहिलेला मजकूर इंग्रजीत आणि हिंदीत आला आहे, इतरांनी लिहिलेला बराचसा तसाच पडून आहे. गुजरातची हद्द लागून असलेल्या खान्देशात गुजराती वाचणारी, बोलणारी घरं भरपूर आहेत. कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांनी आणि अशा घरांतल्या ज्येष्ठांनी मिळून एका वर्षाचे अंक मराठीत आणायचं ठरवलं, तर पानं पोर्टलवर खुली आहेत, पैशाचा फारसा प्रश्न नाही. सुरुवात ऑक्टोबर ते डिसेंबर १९१२ च्या अंकांपासून व्हावी. गोखले मराठीतून बोलले त्या सभांचे वृत्तांत आधी मराठीत यावेत, त्यामागोमाग १९१३ च्या कैद्यांची नावं. ती यादी जळगावला गांधीतीर्थात, धुळ्याला राजवाडे मंडळात आणि डर्बनला वेस्टव्हिलच्या केंद्रात, अशी तिन्ही ठिकाणी ठेवली जावी.